एका एकराचा हिशेब

वाचकहो, तुमच्या घरातल्या जमिनीचे कागद कुठे ठेवलेले आहेत, हे तुमच्याखेरीज आणखी कोणाला ठाऊक आहे का? रागावू नका. हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी मला कोणी विचारला असता, तर मीही म्हटले असते, "आहेत पेटीत. जातात कुठे?"

२०२४ च्या पोळ्याची गोष्ट. त्या दिवसांत आमच्याकडे पावसाने कहर केला होता. कयाधू दुथडी भरून वाहत होती आणि सोयाबीन पाण्यात उभे होते. बैलांची खांदेमळणी करून मी ओसरीवर टेकलो नि छातीत कळ निघाली. पुढचे मला फारसे आठवत नाही. नांदेडच्या एका दवाखान्यात नऊ दिवस काढले. घरी आलो तेव्हा अंगात त्राण नव्हते, पण जीव जागेवर होता.

चार दिवसांनी थोरला मुलगा खाटेजवळ येऊन बसला. म्हणाला, "आबा, तुम्ही तिकडं होतात तवा पैशाची नड लागली, म्हणून आम्ही पेटी उघडली. एक कागद कळंना."

पेटीत काय होते ते सांगतो. निजामाच्या राज्यातला उर्दूतला एक कागद, जो आता आमच्या गावात कोणालाच वाचता येत नाही. सोसायटीच्या पावत्या, त्यांतले कोणते कर्ज फिटले नि कोणते राहिले याची खूण नाही. दोन बँकांची पासबुके, त्यांतले एक खाते मी कधी बंद केले की नाही, हे मलाच आठवेना. एका खरेदीखताची झेरॉक्स, मूळ प्रत कुठे ते ठाऊक नाही. आणि मुलीच्या लग्नातली आहेराची वही. त्या वहीत मात्र कोणी किती आहेर केला, ते रुपया-आण्यासकट लिहिलेले होते. आपण आहेराचा हिशेब लिहितो नि वावराचा लिहीत नाही, अशी आपली तऱ्हा.

मी गेलो असतो तर या मुलांनी काय केले असते? हा विचार आला आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला. वडील गेले तेव्हा आम्ही काय केले होते? ते मला चांगले ठाऊक होते. ते आज मी तुम्हाला सांगणार आहे, कारण तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरी तेच झालेले असणार.

वडील १९८८ च्या उन्हाळ्यात गेले. वीस एकर जमीन, सगळी वाडवडिलांपासूनची. मागे आमची माय, आम्ही दोघे भाऊ आणि दोन बहिणी. बहिणींची लग्ने कधीच झालेली. वडिलांनी कधी कागदाला शाई लावली नाही. तोंडी मात्र दहा वेळा सांगितलेले, "इहिरीकडचं थोरल्याचं, नाल्याकडचं धाकट्याचं." विहीर दोघांची की एकाची, हे त्यांनी सांगितले नाही नि आम्ही विचारले नाही. बापाला असे विचारणे म्हणजे 'तुम्ही कधी जाता' असे विचारणे, असा आपल्याकडे समज.

तेरावे झाले. तलाठ्याने सांगितले, वारसाच्या फेरफाराला पाच नावे लागतील. माय, दोन मुलगे, दोन मुली. त्यावर चावडीत बसलेल्या शहाण्यांपैकी एक जण म्हणाला, "बहिणींची नावं चढली की उद्या जावई धुऱ्यावर उभे राहतील. हक्कसोड करून घ्या." माझ्या तोंडून काही निघाले नाही. खरे सांगायचे तर तेच माझ्याही मनात होते.

त्या दिवाळीला बहिणी भाऊबीजेला आल्या. ओवाळून झाले, आणि दोन दिवसांनी भाड्याची जीप करून आम्ही सगळ्यांना तालुक्याला रजिस्ट्रीसाठी घेऊन गेलो. मायने अंगठा दिला. धाकटीने सही केली. अक्का थोरली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिने शाईच्या डबीवर अंगठा ठेवला नि वर बघून विचारले, "बापू, यानं माहेर तर तुटत न्हाई ना?" मी म्हणालो, "नुसता कागद हाय अक्का. माहेर कुठं जातं?" ती हसली आणि तिने अंगठा उठवला. दोघींना लुगडी घेतली. वाटेत हॉटेलात भजी खाल्ली. आमच्या मते सगळे रीतसर झाले होते.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. याच्या आधी दोन वर्षे, १९८६ च्या नोव्हेंबरात, नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. शरद जोशींना ऐकायला मी इकडून ट्रकमध्ये बसून गेलो होतो. लाखांनी बाया आल्या होत्या. पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा कितीतरी गावांत नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून दिली. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाचे नाव तेव्हा फार गाजले. मी टाळ्या वाजवून परत आलो आणि दोन वर्षांत घरातल्या तीन बायकांचे अंगठे-सह्या घेऊन मोकळा झालो. माणूस सभेत वेगळा असतो नि चावडीत वेगळा.

१९९१ ला आम्ही भाऊ वेगळे झालो. दहा-दहा एकर. भांडण नव्हते, म्हणून कागदही केला नाही. चुलत्यांनी दोरी धरली नि धुरा पाडला. विहीर माझ्या बाजूला आली, म्हणून ठरले की पाणी चार दिवस त्याचे, चार दिवस माझे. आणि माय सहा महिने त्याच्याकडे, सहा महिने माझ्याकडे.

हे तेव्हा कोणालाच वावगे वाटले नाही. विहिरीच्या पाळीसारखी मायची पाळी. चैत्र पाडव्याला ती तिचे बोचके घेऊन माझ्या घरून त्याच्या घरी जायची नि दसऱ्याला परत यायची. एका वर्षी पाळी संपायच्या दिवशी तिला ताप होता, तरी गेली. "नको, उगं बोलणं होतं," म्हणाली. तिचे नाव सातबाऱ्यावर असते तर पाळी तिने ठरवली असती, एवढे मला आता कळते.

भांडण व्हायला दीड वर्ष लागले. १९९२ च्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी झाले आणि माझ्या पाळीत त्याने मोटार चालू केली. विजेचे मीटर वडिलांच्या नावाचे, बिल मी भरत होतो. त्यातून शब्द निघाले. मग त्याच्या बैलगाडीचा रस्ता माझ्या वावरातून जातो, तो मी काटे टाकून बंद केला. मग धुरा कोणी सरकवला यावरून. मग कोर्ट. तोंडी वाटणी झाली होती हे दोघांनाही मान्य, पण काय झाली होती हे दोघांचे वेगळे. चुलते साक्षीला आले नि मधेच वारले. खटला सुरू झाला तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तरी आमचा निकाल नव्हता. २००३ मध्ये दोघेही थकलो आणि तडजोड केली. अकरा वर्षांत वकिलाला नि तारखांना जे घातले, त्यात दोन विहिरी बांधून झाल्या असत्या.

म्हणून वाटणीपत्र करणाऱ्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. एकर-गुंठे कोणीही लिहितो. बाकीचे लिहा. विहीर कोणाच्या हिश्श्यात नि पाण्याची पाळी किती दिवसांची. पाणी आटले तर पाळी कशी. मीटर कोणाच्या नावे नि बिल कोण भरणार. पाइपलाइन कोणाच्या वावरातून जाते नि फुटली तर खोदायची मुभा कोणाला. गाडीवाट किती फूट, पावसाळ्यात नि सुगीत चालू राहील का. धुऱ्यावरची झाडे कोणाची. आखाडा, गोठा, कडब्याच्या गंजीची जागा. आमच्याकडे हळद होते, तर शिजवायची नि वाळवायची जागा सामाईक राहील का. आणि म्हातारे कोणाकडे राहतील. यांतली प्रत्येक बाब मी अकरा वर्षांत शिकलो.

आता अक्काचे सांगतो. तिचा नवरा १९९६ मध्ये गेला. सेनगाव तालुक्यातले गाव, सासरची जमीन आधीच कर्जात निघालेली. राहिली ती दीड एकर, मुरमाड. दोन लेकरांना घेऊन ती आमच्या आखाड्यावर येऊन राहिली. माहेर तुटले नव्हते, हे खरे. पण पहिल्या महिन्यातच ती गावातल्या दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाऊ लागली. मी म्हणालो, "अक्का, आपल्या वावरात काम न्हाई का?" तर म्हणाली, "तुझ्या वावरात काम केलं तर मजुरी कशी मागू बापू? अन् न मागता खाऊ कशी?"

'तुझ्या वावरात' म्हणाली. जिथे ती जन्मली, जिथल्या ढेकळांत ती वाढली, ते वावर. तीन वर्षे राहिली आणि मुलगा हाताशी आल्यावर परत गेली. आमच्या घरातली मंडळी तेव्हा एकदाच बोलली होती, "त्यांचा अंगठा घेतला न्हसता तर आज त्यांनी कोणाला विचारलं असतं का?" मी ताटावरून उठून गेलो. उत्तर नसले की पुरुषमाणूस ताटावरून उठतो.

तर दवाखान्यातून आल्यावर, २०२५ च्या संक्रांतीनंतर, मी एका वकिलांकडे गेलो. जाणते गृहस्थ. मी म्हणालो, "साहेब, आधी मला जुना हिशेब सांगा. १९८८ ला बहिणींचा हक्क होता तरी किती?"

त्यांनी मला एक खटला समजावून सांगितला. सांगलीच्या कोर्टात सुरू झालेला, मगदूम कुटुंबाचा. बाप १९६० मध्ये वारला. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला आणि तेव्हापासून वकिलांच्या तोंडी तो पाठ आहे. हिशेब असा. बाप मरायच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे समजायचे. त्या वाटणीत बाप, आई नि दोन मुलगे, असे चार वाटे. मग बापाचा जो चौथा वाटा, तो बायको नि पाच लेकरे मिळून सहा जणांत सारखा. जमीन चोवीस एकर धरा. आईला सहा नि एक मिळून सात एकर. प्रत्येक मुलाला सात. प्रत्येक मुलीला एक.

मग कायदा बदलला. आपल्या महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत मुलासारखा जन्मापासून हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात तो हक्क आला, लग्न झालेली असो वा नसो. आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या तारखेला बाप हयात असलाच पाहिजे असे नाही. आज त्याच चोवीस एकरांचा हिशेब मांडला तर सहाही जणांना चार-चार एकर येतात. वकिलांनी हे पाटीवर गणित मांडावे तसे मांडून दाखवले.

"आता तुमचं बघा," ते म्हणाले. "वीस एकर. वडील, आई, दोन मुलगे, चार वाटे, पाच-पाच एकर. वडिलांच्या पाच एकरांना पाच वारस. आई सहा, तुम्ही दोघे सहा-सहा, बहिणी एक-एक."

म्हणजे मायची सहा एकर होती. सहा महिन्यांच्या पाळीवर बोचके घेऊन फिरणारी ती बाई, तिची सहा एकर. आणि अक्काची एक एकर. मी पाण्याचा ग्लास मागितला.

वकील म्हणाले, हक्कसोड रजिस्टर झालेले आहे, बहिणींना आता कायद्याने काही मागता यायचे नाही. मला धीर द्यायला म्हणाले असतील.

मग आमच्या घरच्या दहा एकरांचा विषय निघाला. थोरला माझ्याबरोबर शेती करतो. धाकटा पुण्याला कंपनीत. मुलगी वाशीमला दिली, ती दवाखान्यात नर्स आहे. वकिलांचे म्हणणे पडले की यातली काही जमीन वडिलोपार्जित, काही वारसाने नि हक्कसोडीने आलेली. पुढे भांडणाला जागा नको असेल तर सगळ्यांचे सारखे वाटे करा, घरातल्या मंडळींचाही धरा. पाच जण, दोन-दोन एकर.

अक्षय्यतृतीयेला सगळ्यांना बोलावले. मुलगी पहिल्यांदा बोलली, "आबा, मला नको. भावांना राहू द्या. उगं माहेर तुटायचं." वाचकहो, शब्द न् शब्द तोच. मी तिला विचारले, "हे तुझं मन बोलतं का भीती बोलते?" ती गप्प बसली. आणि मग रडली.

थोरल्याचा चेहरा उतरला होता. त्याचेही चुकीचे नव्हते. "आबा, बारा महिने मी राबतो. सारखंच वाटायचं तर मी बी पुण्याला गेलो असतो." धाकटा म्हणाला, "मग पुण्याचं घर मी कर्जानं घेतलंय, त्यात कोणी वाटा मागितला का?" एक तास असे चालले. मी मधे पडलो नाही. मी मेल्यावर हेच बोलणे झाले असते, फक्त मी ऐकायला नसतो. बोलून दमल्यावर त्यांच्या आईने सगळ्यांना जेवायला वाढले आणि जेवताना वाट निघाली. दहा एकरांचे सारखे वाटे. मुलगी नि धाकटा आपापले दोन-दोन एकर थोरल्याला बटईने करायला देतील. आणि १९९७ मध्ये हळदीच्या पैशातून मी स्वतः विकत घेतलेली तीन एकर आहे, ती माझी कमाई. तिचे काय करायचे ते मी ठरवणार.

वाटणीपत्र रजिस्टर केले. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शंभर रुपयांचा, आणि नोंदणीची फी राज्य सरकारने २०२५ च्या मे महिन्यात माफ केली, ते आमच्या पथ्यावर पडले. त्यावरून फेरफार झाला. माझे नि घरातल्या मंडळींचे मिळून चार एकर आमच्याच नावे ठेवले आहेत. सगळे वाटून हात रिकामे करू नका, म्हाताऱ्यांनो. बक्षीसपत्राने दिलेली जमीन परत मिळवणे फार अवघड. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन दिली नि सांभाळले नाही तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, पण ती अट कागदावर हवी. आणि पोटच्या पोराविरुद्ध अर्ज लिहायला हात उचलतो का, ते आधी आपल्या मनाला विचारावे.

त्यानंतर तीन एकराचे मृत्युपत्र. हा शब्द ऐकला की आपल्याकडे बायामाणसे कानावर हात ठेवतात. पण त्यासारखा सोपा कागद दुसरा नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन केली. दोन साक्षीदार लागतात, त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे किंवा तुम्ही तशी कबुली त्यांच्यापाशी दिलेली असावी, आणि त्यांनी तुमच्या समोर सही करावी. साक्षीदार आपल्याहून तरुण घ्या, कारण उद्या वाद झाला तर त्यांतल्या एकाला तरी कोर्टात उभे राहावे लागते. आमच्या चुलत्याचे काय झाले ते वर आलेच आहे. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नये. माझे हृदयाचे दुखणे, म्हणून डॉक्टरांकडून शुद्धीवर असल्याचा दाखला जोडला. मन बदलले तर हयातीत कितीदाही नवे करता येते, शेवटचे तेवढे खरे. पण ज्यावर तुमचा एकट्याचा हक्क, तेवढेच लिहिता येते. वडिलोपार्जितातला आपला वाटा लिहिता येतो, मुलांचा नाही.

बँकेतल्या नॉमिनीबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. माझाही होता. नॉमिनी थोरला, म्हणून पैसे त्याचे, असे मी धरून चाललो होतो. वकिलांनी सांगितले, नॉमिनी म्हणजे खळ्यावरचा राखणदार. रास त्याची नव्हे. ज्यांचे कालनिर्णय आपल्या भिंतीवर असते, त्या जयंत साळगावकरांच्या घरचाच वाद होता. ते २०१३ मध्ये वारले, मागे मृत्युपत्र होते आणि काही गुंतवणुकीवर नॉमिनीही होते. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले की नॉमिनी मालक होत नाही, इस्टेट वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने जाते. एवढ्या शिकल्या-सवरल्या घरात हे झाले, तर आपली काय कथा!

आणि मेलेल्यांची नावे सातबाऱ्यावर ठेवू नका. वारसांनी तीन महिन्यांत कळवायचे असते, पण आमच्या गावात तीस-तीस वर्षांपूर्वी गेलेली माणसे कागदावर अजून शेती करत होती. २०२५ च्या एप्रिलपासून सरकारने जिवंत सातबारा मोहीम राज्यभर चालवली, तेव्हा कुठे त्यांना मोक्ष मिळाला. मेलेल्याच्या नावावर पीककर्ज मिळत नाही, पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार थांबतात, नि पुढची पिढी मेली की पाच वारसांचे पंचवीस होतात.

पेटीचेही केले. एका वहीत सगळे लिहिले. गट नंबर, खाती, विमा, घराचा ग्रामपंचायतीतला नमुना आठ, आणि कोणाचे किती देणे आहे ते. देणे आधी लिहा. येणे मुले शोधून काढतात, देणे दारात आल्यावर कळते. वही कुठे आहे हे तिघा लेकरांना नि त्यांच्या आईला ठाऊक आहे.

मृत्युपत्रात तीन एकरांपैकी दोन एकर थोरल्याला, तीस वर्षे माझ्याबरोबर राबला म्हणून. कारणही लिहिले, म्हणजे बाकीच्यांच्या मनात किंतू नको. धाकटा नि मुलगी दोघांनाही ते वाचून दाखवले. आणि एक एकर अक्काची.

ती एक एकर लिहिण्याआधी मी तिच्या गावाला गेलो. आता तिचे वय शहात्तर, पाठीत वाकली आहे, पण कान शाबूत. मी सगळे सांगितले. मगदुमांचा खटला, पाच-पाच एकर, तिची एक. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हंजे तवा माझी एक एकर व्हती?"

"व्हती."

"अन् मायची?"

मी सांगितले, सहा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला आता वावर काय करायचं? द्यायचंच असंल तर पोराच्या नावानं करू नको. पोरगं चांगलं हाय, पण सही करायला नाद लागतो पुरुषाला. सुनंच्या नावानं कर."

वकिलांनी आधी विचारले की त्या घराच्या नावे शेती आहे ना, कारण बिगरशेतकऱ्याच्या नावे शेतजमीन करताना अडचणी येतात. आहे, तीच दीड एकर मुरमाड. मग सुनेच्या नावाने लिहिले. हयातीतच बक्षीसपत्र करावे असे माझ्या मनात होते, पण मुलांना-नातवांना देताना मुद्रांकाची जी दोनशे रुपयांची सवलत आहे ती बहिणीला नि तिच्या सुनेला नाही, आणि दवाखान्याने माझी पिशवी रिकामी केलेली. म्हणून मृत्युपत्र.

ते अक्काला कळवले तर ती मोठ्याने हसली. "म्हंजे तू गेल्यावर मिळणार. आता मी देवाला काय मागू? तुला आयुष्य मागितलं तर सून रुसंल." सूनही पदर तोंडाला लावून हसू लागली.

मग तोडगा निघाला की जमीन माझ्यामागे, पण पीक आजपासून त्यांचे. धाकट्या बहिणीशी बोलणे अजून व्हायचे आहे. ती छत्रपती संभाजीनगरला मुलाकडे असते. तिच्या एकराचे काय, ते भावाने नि मी मिळून ठरवायचे आहे, आणि त्याच्याशी हा विषय मी दोनदा काढला, दोनदाही तो "बघू" म्हणाला. तिसऱ्यांदा काढणार आहे.

त्या एकरात गेल्या खरिपात तूर होती. पाऊस जास्त झाला तरी चार क्विंटल निघाली. संक्रांतीच्या आधी थोरल्याने नि मी पोती टेम्पोत घालून सेनगावकडे नेली. अक्का दारात बसलेली होती. पोती उतरवली, मी म्हणालो, "ठेवा आत." तर अक्का म्हणाली, "थांब. वजन कुठं केलं?" मी म्हणालो, आपल्या घरचेच आहे, मोजायचे काय. तिने नातवाला पिटाळले आणि शेजारच्या दुकानातून काटा आणवला. एकेक पोते काट्यावर चढवले, सुनेला पाटीवर आकडे लिहायला लावले, आणि शेवटच्या पोत्यात दोन किलो कमी भरली ती तिने मला बोलून दाखवली.